पैसे परत आले, पण मुदत कुणाला मिळाली?

"अरे पण सगळे पैसे परत आले ना, वर नफा पण झाला, मग तुझी अजून कसली रड?" एक मित्र परवा असं म्हणाला आणि आमचं दोन तास जुंपलं. विषय तोच, २००८ चा अमेरिकेतला बेलआउट, म्हणजे बुडायला आलेल्या बँका-कंपन्यांना सरकारने पैसे घालून वाचवलं ते. आकड्यांच्या बाबतीत तो बरोबर होता, म्हणून तर माझी जास्त चिडचिड झाली. घरी येऊन परत सगळं काढून वाचत बसलो, त्यातून हे लिहितोय, जरा लांबलंय.

त्याचं म्हणणं खोटं नाहीये. ७०० अब्ज डॉलरची ती प्रसिद्ध योजना, टार्प, त्यातले साधारण २४५ अब्ज बँकांमध्ये घातले आणि परत आले २७५ च्या आसपास. एआयजी नावाची विमा कंपनी, तिच्यासाठी १८२ अब्जांपर्यंतची तयारी ठेवली होती, तिथेही फेड (तिथली मध्यवर्ती बँक) आणि ट्रेझरी (अर्थखातं) मिळून शेवटी जवळपास २३ अब्ज डॉलर वर मिळाले. जनरल मोटर्समध्ये मात्र ११ अब्जांच्या आसपास बुडाले, पण लाखभर नोकऱ्या वाचवायच्या तर तेवढं चालायचंच असं म्हणणारे बरेच आहेत, मीही म्हणेन.

पण मुळात नफा का झाला हे बघायला हवं ना.

बँकेचा धंदा असा असतो की ती आज रात्रीपुरते पैसे उसने घेते आणि तीस-तीस वर्षांसाठी कर्ज देते. रोज सकाळी उसनवारी पुढे ढकलली जाते तोवर सगळं छान. ज्या दिवशी समोरचा म्हणतो "नाही बाबा, माझे पैसे दे", त्या दिवशी बँकेला हातात असेल ते विकावं लागतं, आणि त्याच दिवशी बाकीच्या बँकाही तेच विकायला निघालेल्या असतात, म्हणजे चार वर्षं थांबलं तर शंभराला जाईल असा कागद, म्हणजे कर्जाचा रोखा, आज साठलासुद्धा कुणी घेत नाही. लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेचं हेच झालं (अर्थात बरेचसे कागद मुळातच कचरा होते, ते वेगळं). १५ सप्टेंबर २००८ ला ६०० अब्जांहून जास्त मालमत्ता कागदावर असताना दिवाळखोरी. दुसऱ्याच दिवशी एआयजीला ८५ अब्ज डॉलर. एकाला नाही, दुसऱ्याला हो, मध्ये एक रात्र. त्याच दिवशी एका मोठ्या मनी मार्केट फंडाचं (लोकांचे पैसे थोड्या मुदतीच्या कर्जांत ठेवणारा फंड) युनिट एक डॉलरचं ९७ सेंट झालं आणि मग जो तो पैसे काढायला धावला, कारण तो फंड म्हणजे लोकांच्या लेखी बचत खातंच होतं.

म्हणजे सरकारने बँकांना नुसता पैसा दिला असं नाही, मुदत दिली. सरकारकडे "आज रात्रीच परत कर" म्हणत कुणी येत नाही, उलट घाबरलेले लोक सरकारचेच रोखे घ्यायला पळतात. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे त्याने पडेल भावात घेतलं आणि भाव वर आल्यावर विकलं, त्यात नफा झाला तर नवल ते काय.

आणि ही मुदत किती स्वस्तात दिली ते बघा. सप्टेंबर २००८ मध्ये वॉरन बफे या बड्या गुंतवणूकदाराने गोल्डमन सॅक्स बँकेत ५ अब्ज डॉलर घातले, प्रेफर्ड शेअर (ठरलेल्या दराने लाभांश देणारे), वर्षाला १० टक्के, शिवाय तेवढ्याच रकमेचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क. काही आठवड्यांनी सरकारने त्याच गोल्डमनमध्ये १० अब्ज घातले. दर? ५ टक्के, पहिली पाच वर्षं. शेअर घ्यायचा हक्क पण गुंतवणुकीच्या फक्त १५ टक्क्यांएवढा. बाजारात तेव्हा मुदतीचा भाव काय होता हे बफेने रोख दाखवून दिलं होतं, आणि सरकारने निम्म्यात विकली. हा फरक नफ्यातोट्याच्या खात्यात कुठेच दिसत नाही. मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला की सरकारने १० टक्के लावले असते तर बँकांनी घेतलेच नसते. त्यांच्याकडे दुसरा पर्याय काय होता, हे कुणीतरी सांगा मला.

आता दुसरी बाजू. घराचं कर्ज असलेला माणूस घ्या. नोकरी गेली, घराची किंमत कर्जाच्या खाली गेली, हप्ता थकला. याचीही अडचण तीच की हो, आज विकलं तर मातीमोल, थोडी वर्षं थांबलं तर निभावेल. सगळ्यांचं निभावलं नसतं हे मान्य, काही कर्जं अशी दिली होती की ती कधीच फिटणार नव्हती. पण बँकांचेही सगळे कागद कुठे चांगले होते? या लोकांसाठी २००९ मध्ये हॅम्प नावाची योजना आली, ३० ते ४० लाख घरांचे हप्ते कमी करू म्हणाले, प्रत्यक्षात आकडा त्याच्या बराच खाली राहिला. लोक तेच कागद पुन्हापुन्हा पाठवत बसले, आधी काही महिने "ट्रायल", मग अर्ज नामंजूर, मग जप्ती. नऊ मोठ्या बँकांचं काम ऑक्टोबर २००८ मध्ये एका बैठकीत उरकलं होतं, १२५ अब्ज. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अजून काय.

म्हणून मग सावरणंही दोन वेगवेगळ्या घड्याळांवर झालं. कागदोपत्री मंदी जून २००९ मध्ये संपली, बेरोजगारी मात्र त्यानंतर ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर गेली. शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स मार्च २०१३ मध्ये जुना उच्चांक ओलांडून मोकळा झाला. नोकऱ्यांचा आकडा आधीच्या पातळीला यायला मे २०१४ उजाडला.

मग काही लोक लगेच आइसलँडचं नाव काढतात, बघा त्यांनी बँका बुडू दिल्या आणि बँकर तुरुंगात टाकले. थोडं सबुरीने घ्या. त्यांच्या तीन बँकांचा पसारा देशाच्या जीडीपीच्या साधारण दहापट होता, वाचवायच्या म्हटलं तरी कुठून वाचवणार. तिथलं चलन क्रोना निम्म्यावर आलं, महागाई भडकली, पैसा देशाबाहेर न्यायला घातलेली बंधनं पूर्ण उठायला २०१७ उजाडलं. मला त्यांच्याकडचं वेगळंच आवडतं. २०१० च्या शेवटी तिथे ठरलं की ज्याचं कर्ज घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल त्याचं वरचं कर्ज कापायचं. एवढं सरळ. याच्या उलट आयर्लंड, सप्टेंबर २००८ मध्ये एका रात्रीत बँकांच्या तब्बल ४४० अब्ज युरोंच्या देण्यांना हमी देऊन बसले, देशाच्या जीडीपीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्याला मुदत द्यायला आधी आपल्याकडे ती असावी लागते ना, यांच्याकडे नव्हती. दोन वर्षांत सरकारच ८५ अब्ज युरोंच्या पॅकेजसाठी आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) आणि युरोपच्या दारात.

स्वीडनचं १९९२ चं उदाहरण पण आहे, खराब कर्जं वेगळ्या कंपनीत काढून सावकाश विकली वगैरे, पण ते इथे घेतलं तर पोस्ट संपायची नाही.

शेवटी मित्राने पेचात पकडलंच. म्हणाला, ते सगळं ठीक, पण लेहमन बुडायच्या आदल्या दिवशी, त्या रविवारी, निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत तू असतास तर लेहमनला वाचवलं असतंस की सोडलं असतंस, एक काय ते सांग. मी बराच वेळ गप्प. मग म्हटलं, वाचवलं असतं, पण बफेच्या दराने, आणि शेजारच्या टेबलावर घरकर्जवाल्यांचे अर्ज घेऊन. तो हसला, म्हणाला तुला त्या खोलीत कुणी घेतलंच नसतं.