तळहात बाहेरच्या बाजूला

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

भाची आठवडाभर राहायला आलीय. नववीत आहे. सध्या एका इंग्रजी कादंबरीत बुडालीय: गाजलेल्या गायिकेसारखी हुबेहूब दिसणारी एक साधी मुलगी, दोघी जागा बदलतात, मग सगळा घोळ. जेवताना तिने रंगवून गोष्ट सांगितली आणि मला गप्प बसवलं नाही. म्हटलं, "हे मार्क ट्वेनने १८८१ सालीच लिहून ठेवलंय. 'द प्रिन्स अँड द पॉपर'." तिने नाक मुरडलं. "मामा, तेव्हा सेलिब्रिटी होते तरी का?"

होते की. त्या कादंबरीतला राजपुत्र एडवर्ड. फक्त त्याचा चेहरा लंडनच्या गल्लीबोळात कुणाला ठाऊक असणार? लोक ओळखायचे ते कपडे. म्हणून तर हुबेहूब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गरीब पोराच्या, टॉम कँटीच्या, चिंध्या अंगावर चढवून खरा राजपुत्र फाटकाशी येतो, तेव्हा पहारेकरी त्याच्या कानाखाली वाजवून त्याला हाकलून देतो. आणि आत टॉम बोटं धुवायला दिलेलं गुलाबपाणी पिऊन टाकतो, तरी तो राजपुत्रच ठरतो. फार तर डोक्यावर परिणाम झालेला. गुलाबपाण्याला भाची हसली. पुस्तक मिळेल का म्हणाली. माळ्यावरून काढून दिलं, पण आधी मीच चाळत बसलो.

आता उलट झालंय. नटनट्यांचे चेहरे सगळ्यांच्या मोबाइलवर, त्यामुळे नुसता चेहरा जुळून भागत नाही. लहानपणी गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचा, त्यात एक 'डुप्लिकेट' देव आनंद यायचा. नाकडोळे बेताचेच. पण मान तिरकी करून त्याने हात सैल सोडले की मांडवात शिट्ट्या. लकब!

ट्वेनची सगळी कादंबरी मला आज त्या एका लकबीवर उभी असल्यासारखी वाटली. टॉम लहान असताना त्याच्या तोंडासमोर दारू उडालेली असते, बंदुकीची. तेव्हापासून दचकला की त्याचा हात डोळ्यांसमोर जातो, पण तळहात बाहेरच्या बाजूला. टॉम समजून घरी आणलेलं पोर आपलंच आहे ना, म्हणून टॉमची आई रात्री मेणबत्ती घेऊन त्याला झोपेतून दचकवून बघते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हात तसा जात नाही. बापाला, बहिणींना काही शंका नाही. हिला मात्र चैन नाही.

मग राज्याभिषेकाची मिरवणूक. टॉम घोड्यावर, नव्या राजाच्या थाटात. गर्दीत त्याला आई दिसते आणि हात आपसूक वर जातो, तळहात बाहेर. ती शिपायांना रेटत येऊन त्याच्या पायाला मिठी मारते. आणि तो म्हणतो, बाई, मी तुला ओळखत नाही.

इथे पुस्तक मिटलं. कारण मला २००७ आठवलं. पुण्यात कॉल सेंटरला होतो, रात्रपाळी, नाव 'रॉन'. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी नाव आणि उच्चार दोन्ही घासूनपुसून दिलेले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. रॉन माझ्यापेक्षा धीट होता. एकदा साडेनवाच्या ब्रेकला मोबाइल वाजला, नंबर न बघता उचलला आणि तोंडून रॉनच आला. इंग्रजीतून, सुरात. पलीकडे क्षणभर शांतता. मग आईचा आवाज: "राँग नंबर लागला वाटतं," आणि फोन बंद.

शेजारी टीममधली दोघं चहा पीत उभी होती. मी उलट फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचाच आला. "काल दुसरीकडेच लागला रे फोन. कुणी साहेब बोलत होता."

मी म्हटलं, "हो का?"

विषय तिथेच संपला. वर्षानुवर्षं मी हा किस्सा मित्रांना हसत हसत सांगितलाय, शेवटचं 'हो का' गाळून.

भाचीला आज तोही सांगितला नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी उचलला, तर ती आईकडे बघून खुदकन हसली. "आजी, मामा आधी खाकरतो आणि मग हॅलो म्हणतो." आई शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "पहिल्यापासून. दादांसारखंच."

आई आत झोपलीय. मी मघापासून एवढंच आठवून बघतोय, त्या रात्री 'हॅलो'च्या आधी मी खाकरलो होतो का. खाकरलोच असणार.