ड्यूक मोठा की अर्ल? तुम्ही विचारलंत म्हणून

मध्ययुगीन इंग्लंडवर बोलून झालं की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन हा क्रम बरोबर ना? म्हणजे ड्यूक सगळ्यांत मोठा?" स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, ऐतिहासिक मालिका बघणारे विचारतात, लंडनला जाऊन आलेले काकाही विचारतात. क्रम बरोबर आहे. पण पाच पायऱ्यांचा हा जिना मध्ययुगाच्या बहुतेक काळात बांधलेलाच नव्हता. शिवाय कोणाचं वजन किती, हे त्या काळच्या माणसाला किताबावरून कधीच पुरतं कळत नसे. नुसतं 'हो' म्हणून सोडून दिलं तर त्या समाजाचं चित्र चुकीचं उभं राहतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि देशातली सगळी जमीन शेवटी राजाची, असं ठरलं. त्याने ती आपल्या माणसांना वाटून दिली, बदल्यात त्यांनी ठरावीक नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धे, लढाईला आणायचे. राजाकडून थेट जमीन मिळालेला बडा माणूस म्हणजे बॅरन. हा तेव्हा किताब नव्हता, राजाशी असलेलं नातं होतं. किताब एकच होता, अर्लचा, आणि तो नॉर्मन लोकांच्या आधीपासूनचा. डॅनिश राजा कनूटच्या काळात वेसेक्स, मर्सिया, ईस्ट अँग्लिया, नॉर्थंब्रिया असे अवाढव्य प्रदेश अर्लांच्या हाती होते. नॉर्मन राजांनी त्यांचे पंख छाटले. अर्लच्या नावापुढे एखाद्या परगण्याचं नाव राहिलं. त्या परगण्याच्या न्यायालयात जमणाऱ्या पैशांतला तिसरा हिस्सा त्याला मिळे, आणि पुढे त्याचीही साधारण वर्षाला २० पौंड अशी बांधीव रक्कम झाली. नवा अर्ल करताना राजा स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला तलवार बांधायचा. सुमारे पावणेतीनशे वर्षं इंग्लंडात याहून मोठा किताब कोणाला दिला गेला नाही.

ड्यूक का नव्हता, याचं कारण सोपं आहे. इंग्लंडचा राजा स्वतःच फ्रान्सच्या भूमीवर नॉर्मंडीचा आणि पुढे अक्विटेनचा ड्यूक होता. स्वतःचा किताब तो प्रजेतल्या कोणाला कशाला देईल? पहिला इंग्लिश ड्यूक झाला १३३७ साली, तिसऱ्या एडवर्डचा थोरला मुलगा, कॉर्नवॉलचा ड्यूक. वय वर्षं सहा. त्याच पार्लमेंटमध्ये एडवर्डने सहा नवे अर्ल केले. फ्रान्सशी युद्ध तोंडावर होतं आणि जुनी अर्ल घराणी बरीच संपली होती. नव्या सहांपैकी विल्यम मॉंटेग्यू हा १३३० साली नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात रात्री भुयारातून शिरून, राजाच्या नावाने सत्ता बळकावून बसलेल्या मॉर्टिमरला पकडणाऱ्या टोळीचा पुढारी. राजाला खऱ्या अर्थाने राजा करणारा हा माणूस, त्याचं बक्षीस सॉल्झबरीचा अर्ल.

बाकीच्या पायऱ्या त्यानंतरच्या शंभर वर्षांत आल्या, आणि लोकांना त्या फारशा आवडल्याही नाहीत. दुसऱ्या रिचर्डने १३८५ साली आपला लाडका रॉबर्ट द व्हिअर याला मार्क्विस ऑफ डब्लिन केलं, पुढच्याच वर्षी ड्यूक ऑफ आयर्लंड. १३८८ साली पार्लमेंटने त्याला देशद्रोही ठरवलं आणि तो परदेशात वारला. सनद देऊन केलेला पहिला बॅरन, जॉन बोशाँ, १३८७ साली झाला आणि १३८८ साली त्याचं डोकं उडालं. १३९७ साली याच रिचर्डने एका दिवसात पाच ड्यूक केले. दोन वर्षांत राजाची गादी गेली, आणि त्या पाचांतल्या तिघांचा नवा किताबही गेला. जॉन बोफर्टचा मार्क्विस किताब असाच काढून घेतला होता. १४०२ साली कॉमन्स सभेने तो परत द्यावा अशी विनंती केली, तर खुद्द बोफर्टनेच नको म्हटलं: हे नाव या राज्यात परकं आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मार्क्विस अर्लहून वरचा, हे आपण पाठ करतो, आणि ज्याला तो मिळत होता त्याला अर्ल राहण्यातच मान वाटत होता. व्हायकाउंट तर १४४० चा, म्हणजे मध्ययुग संपत आलं तेव्हाचा.

मग माणसाचं वजन मोजायचं कशावर? मी तीन गोष्टी विचारायला सांगते: राजा त्याला नावाने बोलावतो का, त्याच्याकडे जमीन किती, आणि त्याला मुलगा आहे का.

बोलावण्याचं आधी. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे बंडखोर सरदारांनी जॉन राजाकडून घेतलेल्या हक्कांच्या सनदेत, एक कलम आहे: राज्याची संमती हवी असेल तेव्हा आर्चबिशप, बिशप, मठाधिपती, अर्ल आणि मोठे बॅरन यांना प्रत्येकाला वेगळं पत्र जाईल, बाकीच्यांना शेरिफमार्फत, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्यामार्फत, सरसकट निरोप. मोठा कोण आणि धाकटा कोण, हे त्या पत्रावरून ठरायला लागलं. सुरुवातीला राजाच्या मर्जीप्रमाणे यादी बदले. १२६५ साली बंडखोर सरदार सायमन द मॉंटफर्टने राजाला कैदेत ठेवून पार्लमेंट भरवलं तेव्हा सरदारांपैकी पत्रं गेली फक्त ५ अर्ल आणि १८ बॅरनांना, अर्थात जे त्याच्या बाजूचे होते त्यांना. चौदाव्या शतकात यादी हळूहळू गोठली. बापाला पत्र येत होतं म्हणून मुलालाही येऊ लागलं, आणि बॅरन हा वंशपरंपरेचा दर्जा झाला.

जमिनीचं तर विचारूच नका. बाप मेला की वारसाने राजाला नजराणा द्यायचा आणि मग जमीन ताब्यात घ्यायची. जॉन राजाने या नजराण्याचं हत्यार केलं. १२०५ साली निकोलस द स्टटव्हिलकडून त्याने वारशासाठी १०,००० मार्क मागितले, म्हणजे ६,६६६ पौंडांच्या वर. मॅग्ना कार्टाने अर्लच्या आणि बॅरनच्या अख्ख्या जमिनीचा नजराणा १०० पौंडांवर आणला. मॅग्ना कार्टा म्हटलं की आपण स्वातंत्र्य, न्याय असे मोठे शब्द वापरतो, आणि ते खरेही आहेत. पण त्या कागदाच्या अगदी सुरुवातीलाच, चर्चच्या कलमानंतर लगेच, हा आकडा बसलेला आहे. सरदार कशासाठी बंडाला उठले होते, ते तिथे दिसतं.

१३७९ च्या डोईपट्टीत सरकारनेच सगळ्यांचे दर लावून ठेवले. लँकेस्टरच्या ड्यूकला, जॉन ऑफ गाँटला, १० मार्क. अर्लला ४ पौंड, बॅरनला २ पौंड, साध्या मजुराला ४ पेन्स. म्हणजे गाँटने भरायचे मजुराच्या चारशे पट. पण गाँटचं वर्षाचं उत्पन्न १०,००० पौंडांच्या वर होतं, त्याला हे काहीच नव्हतं. मजुराचे मात्र ते ४ पेन्स म्हणजे खरीखुरी मजुरी होती. हे सांगताना मला आजही राग येतो.

एक गोष्ट मात्र इंग्लंडच्या बाजूने सांगायला हवी. फ्रान्समध्ये उमरावाची सगळी मुलं उमराव, आणि प्रत्यक्ष करांतून बऱ्याच अंशी सुटलेली. इंग्लंडात अर्लही कर भरायचा, आणि त्याच्या मुलांपैकी किताब फक्त थोरल्याला. धाकटे कायद्याने सामान्य प्रजाच. कोणी चर्चमध्ये गेला, कोणी भाडोत्री लढाईला, कोणी चांगली बायको शोधली. ही रीत इतकी टिकली की तिचा धागा आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत येतो. १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेला आर्थर वेलस्ली हा अर्लचा मुलगा, पण धाकट्यांतला. बापाचा किताब थोरल्या रिचर्डला गेला आणि तो तेव्हा गव्हर्नर जनरल होता. असईच्या मैदानावर आर्थर फक्त मेजर जनरल होता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन व्हायला १८१४ उजाडलं.

आता मुलगा. इथे मी नेहमी विल्यम मार्शलबद्दल बोलते, कारण त्याच्या एका घरात सगळं येतं. तो बेताच्या सरदाराचा चौथा मुलगा. पाचएक वर्षांचा असताना बापाने त्याला स्टीफन राजाकडे ओलीस ठेवलं आणि मग शब्द मोडला. पोराला फाशी देऊ म्हटल्यावर बाप म्हणाला, माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे, याहून चांगली मुलं घडवीन. असं विल्यमच्या चरित्रकाव्यात आहे. राजाला दया आली, मूल वाचलं. जमिनीचा तुकडा नसलेला हा मुलगा फ्रान्समधल्या टूर्नामेंटांत, म्हणजे नाइटांच्या लुटुपुटूच्या लढायांत, हरलेल्यांचे घोडे आणि खंडणी जिंकून मोठा झाला. थेट ११८९ साली, चाळिशी उलटल्यावर, त्याचं लग्न झालं ते इझाबेल द क्लेअरशी. वेल्स आणि आयर्लंडमधल्या प्रचंड मुलखाची ती वारस. ११९९ साली तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला. १२१६ साली नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने राज्य चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली, आणि सत्तरीच्या घरात त्याने लिंकनची लढाई जिंकली. १२१९ साली तो गेला, तेव्हा मागे पाच मुलगे आणि पाच मुली होत्या. घराण्याची चिंता कोणाला वाटली असेल?

थोरला विल्यम १२३१ साली गेला. रिचर्ड १२३४ साली आयर्लंडमध्ये लढाईतल्या जखमांनी. गिल्बर्ट १२४१ साली वेअरच्या टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून. वॉल्टर आणि अॅन्सेल्म १२४५ च्या अखेरीला पाठोपाठ. पाचही भाऊ एकामागून एक वारस झाले आणि एकालाही औरस मूल नव्हतं. सव्वीस वर्षांत घराणं संपलं. तो मुलूख पाच बहिणींच्या वंशांत वाटला गेला. हे घर एकटं नव्हतं. मध्ययुगाच्या शेवटच्या दोन शतकांत दर पंचवीस वर्षांनी साधारण चौथा हिस्सा सरदार घराण्यांत मुलाकडून चालणारा वंश खुंटत होता. 'शेकडो वर्षांचं जुनं रक्त' हे बोलायला ठीक. बहुतेक किताब मुलींच्या, जावयांच्या आणि राजाच्या हातून फिरत राहिले.

म्हणूनच बायकांना सोडून हा विषय सांगता येत नाही. वारस मुलगी म्हणजे चालता-बोलता मुलूख, तिचं लग्न कोणाशी लावायचं हा हक्क राजा विकायचा. विधवेला मात्र नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे, आणि तिला जबरदस्तीने दुसरं लग्न लावता येणार नाही हे मॅग्ना कार्टाने कबूल केलं. नॉर्फकची मार्गारेट १३३८ साली वडिलांची वारस झाली आणि साठ वर्षं स्वतःच्या हक्काने काउंटेस राहिली. १३९७ साली दुसऱ्या रिचर्डने तिला डचेस केलं, नातवाला ड्यूक. आजी मार्च १३९९ मध्ये गेली. नातू तेव्हा हद्दपार होता, सप्टेंबरात तो व्हेनिसमध्ये वारला.

आणि ड्यूक सगळ्यांत मोठा असतोच का, याचं उत्तर जॉर्ज नेव्हिलकडे आहे. १४७० साली चौथ्या एडवर्डने त्या मुलाला ड्यूक ऑफ बेडफर्ड केलं, आपली थोरली मुलगी त्याला द्यायचा बेत होता. पुढच्याच वर्षी मुलाचा बाप बार्नेटच्या लढाईत राजाविरुद्ध लढताना पडला. बाप गेला, ठरलेलं लग्न गेलं, जमिनी राजाचा भाऊ रिचर्ड याच्या घशात गेल्या. १४७८ साली पार्लमेंटने कायदा करून जॉर्जचं ड्यूकपण काढून घेतलं. कारण लेखी दिलं: दर्जाला साजेल एवढं उत्पन्न त्याच्याकडे नाही, आणि असा गरीब सरदार लोकांना लुबाडतो. एवढंच कारण नव्हतं. लॉर्ड्सच्या सभेत जागा असलेला ड्यूक मोठा होऊन घराण्याच्या जमिनी परत मागू शकला असता. पण रिचर्डला तो जिवंतही हवा होता, कारण जॉर्जच्या बापाचा पुरुष वंश चालू असेतोवरच त्या जमिनी रिचर्डच्या वारसांकडे जाणार होत्या. १४८० साली रिचर्डने जॉर्जचं पालकत्व स्वतःकडे घेतलं. मे १४८३ मध्ये जॉर्ज निपुत्रिक वारला आणि उत्तरेतल्या त्या सगळ्या मुलखावर रिचर्डचा हक्क त्याच्या स्वतःच्या हयातीपुरता उरला. पुढच्याच महिन्यात तो तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला.