आमची वाटचाल : तलावातला खलनायक

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका धानाच्या गावात, किराणा दुकानाच्या माडीवर, आम्ही मोबाइलवर खेळायचे व्हिडिओ गेम तयार करतो. आमचा मूळ व्यवसाय वेगळाच होता : लग्नाच्या चित्रीकरणाचे मिक्सिंग, फ्लेक्सचे डिझाइन, संगणक टायपिंगचे वर्ग आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे. माझा पुतण्या पॉलिटेक्निक करून घरी परतला, तेव्हा त्याने ‘गोडो’ हे मुक्त गेम इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, आमच्या जुन्या संगणकांवर चालवून दाखवले. त्याला परवाना शुल्क लागत नव्हते आणि नवे यंत्रही घ्यावे लागत नव्हते, म्हणून या धंद्यात उतरणे परवडले. पुढे शाळांसाठी पाढे आणि नकाशे शिकवणारे छोटे खेळ करून देण्याची कामे मिळू लागली, त्यांतून पगार निघू लागला आणि उरलेला वेळ आम्ही स्वतःच्या गेमला दिला. त्या गेमचा खलनायक गुंत्या ही आज आमची ओळख झाली आहे. गावातली मुले मला ‘गुंत्यावाले काका’ म्हणूनच हाक मारतात. त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आमच्या कामाची पद्धत त्याला घडवतानाच ठरली.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुने मालगुजारी (म्हणजे पूर्वी जमीनदारांकडे असलेले) तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते मोठ्या कौशल्याने बांधले आणि त्यांच्या पाण्यावर इथला धान पिकला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि त्यानंतरच्या काळात पुष्कळ तलावांत गाळ साचला, बेशरम ही झुडपासारखी वनस्पती माजली. गावाचा तलाव वाचवणे हा आमच्या गेमचा विषय पहिल्यापासून नक्की होता. तलाव कोणापासून वाचवायचा, हे मात्र ठरत नव्हते.

पहिल्या बैठकीत सुचलेल्या कल्पना अशा होत्या : मिशा पिळणारा सावकार, काळा चष्मा घातलेला कंत्राटदार आणि वाघ. वाघ मी लगेच नाकारला. या भागात वाघोबाची पूजा होते आणि याच भागात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात; त्या दुःखाची करमणूक करणे मला पटले नाही. सावकार आणि कंत्राटदार यांची अडचण वेगळी होती. त्यांचे चित्र काढता येत होते, पण ते गेममध्ये नेमके काय करतील, हे कोणालाच सांगता येत नव्हते. गोष्टीतला किंवा नाटकातला खलनायक बोलण्यातून आणि कारस्थानातून कळतो. गेममधला खलनायक खेळणाऱ्याच्या अंगठ्याला कळावा लागतो. तो एक नियम असतो, आणि तो नियम समजून घेऊन मोडून काढणे हाच खेळ असतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे १९८० साली नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी तयार केलेला पॅक-मॅन. त्यातली चार भुते आकाराने सारखीच आहेत, पण लाल भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी भूत आपण जिकडे तोंड केले आहे तिकडे चार घरे पुढची जागा गाठू पाहते, आणि नारिंगी भूत जवळ आले की पाठलाग सोडून आपल्या कोपऱ्याकडे पळते. जपानमध्ये त्या भुतांची ओळखच मुळी स्वभावावरून करून दिली होती : पाठलाग करणारे, दबा धरणारे, लहरी आणि वेंधळे. एका ओळीत सांगता येणारा हा स्वभाव म्हणजेच त्यांचा कार्यक्रम आहे. आम्ही पुतण्याच्या टेबलासमोर नियम लावला की, खलनायक काय करतो हे एका वाक्यात सांगता आले नाही, तर त्याचे चित्र काढायला बसायचे नाही.

ते वाक्य आम्हाला तलावाच्या पाळीवर मिळाले. आमच्या कथालेखिका ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी तलावातली बेशरम काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले की हे काम संपत का नाही, तेव्हा उत्तर आले, “याले तोडला का हा अजून वाढते.” शास्त्रानेही ते खरे आहे. बेशरमीच्या खोडाचा तुकडा ओल्या चिखलात पडला की त्याला मुळे फुटतात. कोयत्याने छाटणारा माणूस नकळत तिची लागवड करत असतो. ती विषारी असल्याने जनावरेही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. (बकऱ्या सोडून प्रश्न सोडवू पाहणाऱ्या खेळाडूंची गेममध्ये जी फजिती होते, तिचे मूळ इथे आहे.) आमच्या खलनायकाचा नियम त्यातून तयार झाला : त्याला पाण्यात तोडले की एकाचे दोन होतात, आणि मुळासकट ओढून पाळीवर उन्हात टाकले तरच तो मरतो. खेळणारी मुले पहिल्या पातळीवर हौसेने कोयता चालवतात, तलाव भरून जातो, मग ती थांबून पाण्याकडे नीट पाहू लागतात. एवढे झाले की गेमने आपले काम केले, असे मी समजतो.

नियमाच्या पाठोपाठ वेगाचा प्रश्न आला. १९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत जातात तसतसे उरलेले अधिक वेगाने येतात. त्या काळच्या यंत्राला कमी आकृत्या काढाव्या लागल्या की ते आपोआप जलद चालत असे, आणि तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम काढून न टाकता खेळातच ठेवला. आम्ही तो मुद्दाम आणला : पाण्यातले शेवटचे काही कोंब सर्वांत झपाट्याने वाढतात. गुंत्या फांदी फेकतो तेव्हा त्याची सूचना किती आधी द्यायची, यावरही बराच खल झाला. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि स्वस्त फोनचा पडदा त्यात आणखी उशीर करतो. त्यामुळे तो आधी अर्धा सेकंद मागे झुकतो, मग फेकतो. खेळणारा हरला तर त्याला स्वतःचा राग यावा, फोनचा नाही.

रूप ठरवण्याचे काम आमच्या चित्रकाराकडे होते, आणि इथे मला झाडीपट्टीचे ऋण मानलेच पाहिजे. त्यांनी वडसा येथील नाटक कंपन्यांसाठी वर्षानुवर्षे पडदे रंगवले आहेत. रात्रभर चालणाऱ्या नाटकात मैदानाच्या अगदी मागे बसलेल्या माणसाला चेहरा दिसत नाही, पण खलनायक रंगमंचावर आला हे त्याला खांद्यांच्या ठेवणीवरून आणि चालीवरून तत्काळ समजते. त्यांनी गुंत्याची सगळी रेखाटने काळ्या शाईने भरून नखाएवढी लहान केली आणि त्यातून जे ओळखू येईना, ते फाडून टाकले. जगभरच्या गेम स्टुडिओंतही सावलीची ही परीक्षा घेतली जाते. आमच्याकडे ती नाटकाच्या मैदानातून आली. भर उन्हात, फुटक्या काचेच्या फोनवर खेळणाऱ्या मुलासाठी तिची गरज अधिकच असते. शेवटी गुंत्याचा एक खांदा वर चढला, पाय मुळांसारखे पसरले आणि डोक्यावर बेशरमीची फिकट जांभळी फुले आली. खलनायक इतका देखणा का, असे मला विचारतात. ते झाड देखणेच आहे. त्याच्या फुलांमुळेच काठावरच्या लोकांना धोका उशिरा कळतो.

नाव सर्वांत शेवटी ठेवले, आणि वेळ सर्वांत जास्त त्यालाच लागला. खेड्यात खलनायकाला नाव देणे हे शहराइतके सोपे नसते. प्रत्येक दुसऱ्या नावाचे कोणाचे तरी आडनाव निघते, उरलेल्यांत एखादे गाव, एखादी जात किंवा एखादा व्यवसाय दुखावला जातो. पुराणातल्या असुरांकडे वळणे सोयीचे होते. पुण्यात तयार झालेल्या आणि २०२० साली आलेल्या ‘राजी’ या गेममध्ये महाबलासुर हा खलनायक आहे आणि तो त्या कथेत शोभतो. परंतु आमच्या शेजारच्या गडचिरोलीत अनेक गोंड बांधव रावणाला मानतात, अकोला जिल्ह्यातील सांगोळा गावात रावणाच्या मूर्तीची पूजा होते. ज्यांच्या तलावांवर आम्ही गेम करत होतो, त्यांच्याच पूर्वजांना खलनायक ठरवण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. खऱ्या माणसाशी जवळीक असलेले नाव मोठ्यांनाही अडचणीचे ठरते. स्ट्रीट फायटर २ मधला मुष्टियोद्धा जपानमध्ये माइक बायसन होता. ते नाव माइक टायसनच्या फार जवळचे असल्याने अमेरिकेत कज्जा नको म्हणून तीन खलनायकांची नावे आपसांत फिरवली गेली, आणि दोन देशांतले खेळाडू आजही एकाच माणसाला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात.

वाट दाखवली ती मारबतीने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या गावागावांतून “घेऊन जा गे मारबत” असा ओरडा करत ईडापिडा शिवेबाहेर घालवली जाते. नागपुरात तर काळ्या-पिवळ्या मारबतीबरोबर त्या-त्या वर्षीच्या संकटांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. म्हणजे वाईटाला दरवर्षी नवे नाव देऊन हाकलण्याची आपली जुनीच सवय आहे, आणि ते नाव गर्दीला एका श्वासात ओरडता येते. आम्ही उमेदवार नावे कागदावर लिहून शाळेच्या मैदानावर मुलांना ओरडायला लावली. ‘बेशरम’ हे नाव सर्वांना आवडले, पण मुले ते एकमेकांना उद्देशून वापरू लागली आणि शिक्षकांनी कपाळाला हात लावला. ‘फुटव्या’ बाद झाले, कारण धानाला फुटवे येणे ही आमच्याकडे आनंदाची गोष्ट आहे. ‘गुंत्या’ मात्र पहिल्याच हाकेत मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचले. दोन अक्षरे, सुरुवातीला ठसठशीत ‘गु’, आणि कोणाच्याही आडनावाला धक्का नाही. हिंदी आवृत्तीतही आम्ही तेच ठेवले.

व्यवसायाचे सांगायचे तर गुंत्याने आम्हाला श्रीमंत केलेले नाही. जाहिरातींचे उत्पन्न तुटपुंजे असते आणि पगाराचा भार अजूनही शाळांच्या कामांवरच आहे. तरी गुंत्या पाहून आमच्याकडे काम देणारे लोक आता येतात, आणि बैठकीत ते पात्राचे चित्र मागतात तेव्हा आम्ही आधी त्याचा नियम विचारतो. काही जण यावर नाराज होऊन निघून जातात.

सध्या कापसावरचा गेम हाती आहे आणि खलनायक अर्थातच गुलाबी बोंडअळी आहे, जिने २०१७ च्या खरिपात विदर्भाला हैराण केले. तिने आमची सावलीची परीक्षाच निकामी केली आहे. अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड फोडेपर्यंत बाहेरून काहीही दिसत नाही. खेळणाऱ्याला फक्त कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले पतंग मोजता येतील आणि त्यावरून आतल्या नासाडीचा अंदाज बांधावा लागेल, असा कच्चा नियम तयार आहे. पतंगांची संख्या किती झाली की धोका मानायचा आणि तो आकडा किती फसवा ठेवायचा, यावर पुतण्या आणि ताई यांचे एकमत नाही. आम्ही सगळे धानपट्ट्यातले असल्याने बोंड फोडून पाहण्याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नाही. म्हणून यवतमाळ-वर्धा भागातल्या, स्वतः कापूस पिकवणाऱ्या आणि थोडेफार चित्र काढू शकणाऱ्या एका व्यक्तीला आम्ही कामावर घेणार आहोत. अळीचे नाव त्यांच्यासमोरच ठरेल.