चिपचा तुटवडा आणि गच्चीवरची बाग

गच्चीवरील बागेला आपोआप पाणी देणाऱ्या यंत्रासाठी मायक्रोकंट्रोलर (यंत्राचे काम नियंत्रित करणारी छोटी संगणक-चिप) हवा होता, म्हणून २०२१ मध्ये एकदा पुण्यातील बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हिंडलो. एका दुकानदाराने ‘एसटीएम३२’ (मायक्रोकंट्रोलरचा एक प्रकार) अशी चिठ्ठी लावलेला प्लास्टिकचा खण ओढून दाखवला. तो रिकामा होता. ‘माल आला की फोन करतो, पण भावाचं आज विचारू नका,’ असे ते म्हणाले.

२०२० मध्ये टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, त्याच काळात घरून काम आणि शिक्षण सुरू झाल्याने लॅपटॉपची मागणी वाढून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली, आणि मोटारींचा खप सावरला तेव्हा चिप अपुऱ्या पडू लागल्या. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा एका पट्टीवरचा छोटा संगणक ३५ डॉलरवरून ४५ डॉलरवर गेला.

मोठ्या कंपन्या आगाऊ मागणी नोंदवू शकतात. एकच नग घेणाऱ्या छंदिष्टाला आणि प्रकल्पासाठी धडपडणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कोण विचारणार, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अखेर एलएम३९३ हा साधा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) आणि एक रिले (विजेवर चालणारा स्विच) घेतला. मातीतील ओलावा घटला की पंप सुरू करण्यास तेवढे पुरते. ठरावीक वेळापत्रक मात्र त्यात बसणार नाही.