कामशेत–कार्ला टाइम ट्रायल: 'सपाट' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

'जुन्या मुंबई हायवेवर वडगाव ते कार्ला फाटा अठरा किलोमीटर सपाट, झकास रस्ता आहे,' असं पुण्यात सायकलच्या टाइम ट्रायलसाठी (टीटी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची राइड) सर्रास सांगतात. अठरा किलोमीटर बरोबर. सपाट मात्र साफ खोटं. मध्ये कामशेतची खिंड आहे, आणि सांगणारे नेमकी तीच विसरतात.

चढ छोटाच आहे, दम लागत नाही, पण पॉवरचं (पेडलवर लावलेल्या ताकदीचं, ती वॉटमध्ये मोजतात) गणित तिथेच फसतं. 220 वॉटवर निघालेला नवखा चढावर नकळत 300 वर जातो आणि पुढचे पाच किलोमीटर ते फेडत बसतो. उतार त्याहून वाईट. एअरोबारवर (कोपरं टेकवून पुढे वाकायचा हँडल) हात ब्रेकपासून लांब, शेजारी लोड केलेला ट्रक, डावीकडे वाळू. खिंडीत हात बेस बारवरच (ब्रेक असलेला मूळ आडवा हँडल) ठेवा, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. ज्यांना हे 'टीटी'चं वाटत नाही त्यांनी खिंड सोडून द्यावी.

आम्ही तेच सुचवतो: कामशेत गाव मागे टाकून सुरुवात, कार्ला फाट्याच्या अलीकडे वळण, परत कामशेत. एका बाजूचं अंतर सुमारे आठ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास दहा मैलांची क्लासिक टीटी. सोमाटण्याचा टोलनाका मागे राहतो, वरसोलीचा पुढे, त्यामुळे नाक्यावरची रांगही टळते. 20 मिनिटांच्या एफटीपी टेस्टला (सुमारे तासभर टिकवता येणारी पॉवर काढायची चाचणी) मात्र हा पट्टा अपुरा. ताशी 35 किलोमीटरच्या वेगाने 20 मिनिटांत 11.7 किलोमीटर होतात, म्हणजे वळण टेस्ट चालू असतानाच येतं. त्यापेक्षा आठ-आठ मिनिटांचे दोन एफर्ट (पूर्ण जोर लावून मारलेले तुकडे) करा.

वळण हाच खरा धोका. डिव्हायडरच्या कटमधून उजवीकडे वळायचं तर फास्ट लेन ओलांडावी लागते. शंभर मीटर आधी एअरोबार सोडा, मान वळवून मागे बघा, गाडी असेल तर डावीकडे थांबा. ते दहा सेकंद गेले तर गेले. सायकलवरच्या कंप्युटरचा ऑटो-पॉज बंद ठेवा, नाहीतर थांबलेला वेळ गाळून तो खोटा ॲव्हरेज दाखवेल.

वाऱ्याबद्दलही गैरसमज आहे. जाताना ताशी 30, येताना 40, म्हणजे सरासरी 35? नाही. आठ-आठ किलोमीटरला 16 अधिक 12, एकूण 28 मिनिटं, सरासरी 34.3. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना समोरून. ॲपवरच्या सेगमेंटचे (ॲपमध्ये आखलेल्या ठरावीक पट्ट्यांचे) विक्रम बघून खचू नका. त्यात टेम्पोमागे आडोशाला लागून काढलेलेही असतात.

फाट्यांआधीचे रंबलर (रस्त्यावरचे ओळीने केलेले आडवे उंचवटे) बाटली उडवतात आणि एअरोबारचे पॅड सैल करतात. निघण्याआधी बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (घट्टपणाच्या मापानेच) कसा. 70 किलोच्या स्वाराला 28 मिमी टायरमध्ये 70-75 पीएसआय हवा पुरे; 100 भरलंत तर रंबलरवर सायकल नाचेल. कडेच्या कचऱ्यात फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा असतात. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून बोटाने हळू चाचपा, तार चिमट्याने काढा. ती राहिली तर नवी ट्यूबही पुढच्या किलोमीटरवर बसते.

पहाटे साडेपाचला कामशेतला हजर, सातला रस्ता मोकळा करा. रविवारी आणि एकवीरेच्या चैत्री यात्रेच्या दिवसांत नकोच. एक्सप्रेसवेचा शोल्डर (कडेची पट्टी) रुंद दिसतो, पण तिथे सायकलला बंदी आहे. 'पहाटे कोण बघतंय' हा सल्ला देणाऱ्याबरोबर राइडला जाऊ नये.