गिटारची मोडलेली मान आणि वॉरंटीवाल्यांचं ‘प्रोसेसमध्ये आहे’

आधी कामाचं सांगतो. गिटारच्या हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या डोक्याला, तडा गेलेला दिसला की सगळ्या तारा लगेच सैल करा. लाइट सेटच्या, म्हणजे बारीक, सहा तारा मिळून साधारण ७० किलोची ओढ मानेवर असते, आणि ती तडा वाढवतच राहते. फोटो नंतर काढा.

माझी गिटार स्टँडवरून आडवी झाली आणि नटच्या (डोक्यापाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्या) मागे तिरकी चीर गेली. हेडस्टॉक नुसता पुढच्या पातळ पट्टीवर लोंबत होता. मोडतं ते तिथंच. अख्खी मान एकाच महोगनीच्या फळीतून कापलेली आणि डोकं मागं झुकलेलं, त्यामुळे त्या वळणावर लाकडाचे रेषे लांब न जाता मध्येच तुटतात. त्यातून माझ्या गिटारचा ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारा आतला लोखंडी गज) नटपाशीच फिरवायचा, म्हणजे तिथलं लाकूड आधीच पोखरलेलं.

गिटार वॉरंटीत होती. तिथंच घोडं अडलं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हणाले, बिल पाठवा. पाठवलं. मग सिरीयल नंबर. तो साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, आतल्या लेबलवर, तेव्हा टॉर्च मारून, फोन आत घालून फोटो काढला. तो अस्पष्ट आहे म्हणून परत आला. मग ऑनलाइन फॉर्म. त्यात ‘दोषाचा प्रकार’ निवडायचा: फ्रेट, पिकअप, पॉलिश, खुंट्या. मान मोडली हा प्रकारच नाही. ‘इतर’ निवडलं तर ‘कृपया योग्य पर्याय निवडा’. शेवटी खुंट्या निवडल्या, तेव्हा फॉर्म पुढं सरकला. त्यानंतर जेव्हा फोन करावा तेव्हा ‘सर, प्रोसेसमध्ये आहे’, आणि वर ताकीद: तोवर बाहेर दुरुस्ती केली तर क्लेम रद्द.

म्हणून गिटार तशीच पडून. ऐन पावसाळा, पुण्यातली दमट हवा, आणि चीर उघडी. ताज्या मोडीचे दोन्ही भाग एकमेकांत अचूक बसतात. धूळ गेली, रेषे वाकले की ते बसणं बिघडतं. अखेर ईमेल आला: फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही. अहो, मग पहिल्याच फोनला सांगायचं ना! पडून मोडली हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

तुम्ही एकच विचारा: ‘पडून मोडली, वॉरंटीत बसतं का?’ सरळ हो किंवा नाही मिळालं नाही तर सरळ कारागिराकडं जा.

मी गेलो ते व्हायोलिनही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडं. चीर बघून त्यांचा पहिला प्रश्न, “सुपरग्लू नाही ना घातलात?” नव्हता घातला. घातला असता तर दुसरा गोंद लाकडात शिरलाच नसता. पुढचं काम पटकन झालं. तारा, खुंट्या काढल्या, मऊ ब्रशनं धूळ काढली, टाइटबाँड ब्रँडचा लाकडाचा पिवळा गोंद सिरिंजनं चिरेत खोलवर दिला, मानेच्या आकाराचे ठोकळे लावून क्लॅम्प आवळले, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसला. २४ तास हात लावायचा नाही, आणि तारा त्यानंतरही काही दिवसांनी. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद ते वापरत नाहीत. सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो.

चीर लांब आणि तिरकी होती म्हणून नुसत्या गोंदावर भागलं. आखूड, आडवा तुकडा पडला असता तर मागून खाचा पाडून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागल्या असत्या, आणि खर्च बराच वाढला असता. पॉलिश मी करून घेतलं नाही. मागं बारीक रेघ दिसते, दिसू दे. विकायला काढली तर भाव पडेल, पण विकतंय कोण?

हां, एक राहिलंच. दुरुस्तीपर्यंत गिटार केसमध्ये ठेवताना हेडस्टॉकखाली कापडाची घडी द्या, आणि कुणी बघायला आलं की चीर उघडमीट करून दाखवू नका. माझ्या घरी प्रत्येकाला तेच करून बघायचं होतं.