कॅल्शिअमचे शून्य

जिवंत पेशींतील कॅल्शिअम मोजण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. या कामात सर्वांत अवघड आकडा कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘शून्य’ असे असेल.

विश्रांत अवस्थेतील पेशीच्या आत मुक्त कॅल्शिअम साधारण १०० नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा अब्जांश) असते आणि पेशीपटलाबाहेर ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे किमान दहा हजार पट असते. आतली ही अत्यल्प मात्रा मोजण्यासाठी आम्ही फ्युरा-२ हे चमकणारे द्रव्य वापरतो, जे रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. मूळ द्रव्यावर ऋणभार असल्यामुळे ते पटल ओलांडू शकत नाही. म्हणून त्याचे आम्लगट एस्टरने झाकून ते पेशींना दिले जाते, आणि आत शिरल्यावर पेशीचीच विकरे ते झाकण कापून टाकतात व द्रव्य आत अडकून पडते. कॅल्शिअम वाढले की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची चमक वाढते आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात घटते. या दोहोंचे गुणोत्तर घेतले की पेशीची जाडी किंवा आत शिरलेल्या द्रव्याचे कमीअधिक प्रमाण यांचा परिणाम बव्हंशी वगळला जातो.

काचेच्या चकतीवर वाढलेल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) अंधारात पाऊण तास या द्रव्यात ठेवून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या की ३८० नॅनोमीटरला त्या पडद्यावर उजळ दिसतात. मग पेशीतील कॅल्शिअम वाढवणाऱ्या हिस्टामिनचा थेंब पोहोचतो, आणि एकेक पेशी आपापल्या वेळी काळवंडत जाते, थोड्या वेळाने पुन्हा उजळते, आणि काही पेशींत हे चक्र मिनिटामागून मिनिट चालू राहते. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य पाहताना माझा हात नोंदवहीवर थांबतो.

परंतु गुणोत्तर म्हणजे मात्रा नव्हे. मात्रा काढायची तर अगदी शून्य कॅल्शिअम असतानाचे आणि द्रव्य कॅल्शिअमने पूर्ण संपृक्त असतानाचे, अशी दोन टोकांची गुणोत्तरे लागतात. विश्रांत पेशीचे गुणोत्तर खालच्या टोकाच्या इतके जवळ असते की ते टोक थोडेसे जरी चुकले, तरी १०० नॅनोमोलरचा आकडा सहज निम्मा किंवा दुप्पट होऊ शकतो. हे टोक मिळवण्यासाठी आयोनोमायसिन या औषधाने पटल कॅल्शिअमला खुले करून ईजीटीए या रसायनाने कॅल्शिअम बांधून टाकावे लागते. आणि ईजीटीए कॅल्शिअम पकडताना हायड्रोजन आयन सोडते, त्यामुळे द्रावण आम्लधर्मी होऊन त्याचीच पकड ढिली पडते. म्हणून पीएच आधीच ८ च्या वर नेऊन ठेवणे आवश्यक असते.

माझी चूक मात्र याहून साधी होती. पेशी कॅल्शिअमरहित द्रावणात ठेवून थॅप्सिगार्जिन या द्रव्याने आंतर्द्रव्यजालिकेचा, म्हणजे पेशीतील कॅल्शिअमच्या कोठाराचा, पंप बंद करून तिचा साठा रिकामा करायचा आणि मग बाहेरून कॅल्शिअम देऊन ते आत येण्याचा वेग पाहायचा, असा प्रयोग मी करत होते. साठा रिकामा झाल्यावर गुणोत्तराची रेषा मूळ पातळीवर परतायला हवी होती, पण ती दरवेळी किंचित वरच थांबत असे. दोन आठवडे मी पेशींनाच दोष दिला. शेवटी ‘कॅल्शिअमरहित’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतील द्रावणातच एस्टरचे झाकण नसलेला फ्युरा-२ चा क्षार टाकून पाहिला, तर तो जवळजवळ संपृक्त होता, आणि ईजीटीएचा थेंब पडताच गुणोत्तर तळाला गेले. आम्ही द्रावणात कॅल्शिअम घातले नव्हते एवढेच; पाणी, काच आणि इतर क्षार यांतून आलेले काही मायक्रोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर) कॅल्शिअम त्यात होतेच.

अशा पाण्याची गोष्ट जुनी आहे. लंडनमध्ये वैद्य व शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय क्षारद्रावणात धडधडत ठेवले होते. ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नसून न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्याचे होते, हे त्यांनी १८८३ साली स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. शुद्ध पाण्यात हृदय थांबत होते, आणि नळाच्या पाण्यातील चुना ते चालू ठेवत होता. आपली चूक इतक्या मोकळेपणाने छापणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता मी बाटलीत अर्धा मिलिमोलर ईजीटीए घालते आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी आधी बाटली मोजते, मग पेशी. आत येण्याचा वेग हवा असेल तर कॅल्शिअमऐवजी मँगनीज देते, अर्थातच ईजीटीएविना, कारण ते मँगनीजलाही बांधते. मँगनीज कॅल्शिअमच्याच द्वारांतून शिरते आणि फ्युरा-२ ची चमक विझवते. ३६० नॅनोमीटरला ती चमक कॅल्शिअमवर अवलंबून नसते, त्यामुळे तिथला उतार कॅल्शिअम बाहेर फेकणाऱ्या पंपांच्या कामात न मिसळता केवळ प्रवेश दाखवतो.